नोकरीच्या पोटात पदवी

मुलीनं डिग्री अप्रेंटिसशिप घेतली हे कळवायला सांगलीला फोन केला, तेव्हा आत्याचा पहिला प्रश्न होता, "अप्रेंटिस? म्हणजे आयटीआयला घातलीस होय रे पोरीला?"

आत्याचं काही चुकलं नव्हतं. आपल्याकडे हा शब्द कानावर पडला की १९६१ चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा, रेल्वेचा कारखाना, एसटीचं आगार आणि तुटपुंजं विद्यावेतन एवढंच आठवतं. इंग्लंडमधल्या मराठी घरांतूनही हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत मला विचारला जातो. म्हणून ही वाट पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत ओळीनं सांगतो. घरात एकीला ती चालताना पाहिलंय, त्यामुळे ठेचा कुठं लागतात तेही ठाऊक आहे.

हे नेमकं आहे काय?

डिग्री अप्रेंटिसशिप म्हणजे पूर्णवेळ पगारी नोकरी करता करता मिळवलेली विद्यापीठाची पूर्ण पदवी. इंग्लंडमध्ये ती २०१५ साली सुरू झाली. संगणक क्षेत्र पहिल्यापासून तिच्यात आहे. या क्षेत्रातल्या अभ्यासक्रमाचं लांबलचक नाव 'डिजिटल अँड टेक्नॉलॉजी सोल्युशन्स प्रोफेशनल'. त्याच्या पोटात सॉफ्टवेअर, सायबर सुरक्षा, डेटा विश्लेषण, नेटवर्क, आयटी सल्ला अशा वाटा आहेत. साधारण तीन ते चार वर्षं लागतात.

ही पदवी दुय्यम आहे का, असं पुष्कळजण विचारतात. नाही. इंग्लंडमध्ये शिक्षणाच्या पायऱ्यांना 'लेव्हल' म्हणतात. आपल्या बारावीच्या जवळपासची ए लेव्हल ही तिसरी पायरी, नेहमीची बीएससी सहावी. ही अप्रेंटिसशिपही सहावीच. प्रमाणपत्र विद्यापीठच देतं.

खर्च कोण करतं? एप्रिल २०१७ पासून ज्या कंपनीचं वर्षाचं पगारपत्रक ३० लाख पौंडांच्या वर जातं, तिला त्या वरच्या रकमेच्या अर्धा टक्का 'अप्रेंटिसशिप लेव्ही', म्हणजे प्रशिक्षणासाठीचा कर, सरकारकडे भरावा लागतो. तो पैसा कंपनीच्या नावानं एका खात्यात जमा होतो आणि शिकाऊ उमेदवारांच्या शिक्षणावर खर्च करता येतो. मुदतीत वापरला नाही तर हातचा जातो. मोठ्या कंपन्यांना यात रस का, याचं अर्धं उत्तर इथं आहे.

आपल्याला चटकन आठवते ती कर्मवीर भाऊराव पाटलांची 'कमवा आणि शिका'. पण एक फरक आहे. तिथं काम करून शिक्षणाचा खर्च निघायचा. काम वेगळं, अभ्यास वेगळा. इथं कामच अभ्यासाचा भाग आहे. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२५ मध्ये उमेदवारीची जोड असलेल्या पदवीसाठी मार्गदर्शक तत्त्वं आणली, पण त्यात विद्यार्थी आधी कॉलेजचा असतो आणि काही सत्रं कंपनीत जातो. इंग्लंडमध्ये क्रम उलटा आहे. आपण आधी कंपनीचे नोकर, मग विद्यापीठाचे विद्यार्थी.

हा क्रम पक्का लक्षात ठेवावा. पुढं जिथं जिथं मुलं अडखळतात, तिथं बहुतेक वेळा याचाच विसर पडलेला असतो.

पायरी पहिली: आपण पात्र आहोत का?

खाली सांगतो ते इंग्लंडचे नियम आहेत. स्कॉटलंडमध्ये याला ग्रॅज्युएट अप्रेंटिसशिप म्हणतात आणि तिथली व्यवस्था वेगळी आहे.

सर्वांत आधी व्हिसा तपासावा. शिक्षणासाठीच्या व्हिसावर आलेल्यांना ही वाट बंद आहे. पुण्यात बसून अर्ज करून इकडं यायचं, असंही होत नाही. सर्वसाधारण नियम असा की नोकरीचा हक्क हवा आणि अप्रेंटिसशिप सुरू होण्याआधीची किमान तीन वर्षं इथं वास्तव्य हवं. आईवडिलांच्या नोकरीमुळे इथं राहणारी आपली बरीच मुलं यात बसू शकतात. मात्र व्हिसा मधेच संपत असेल तर तो प्रश्न निवडीनंतर नव्हे, अर्ज करतानाच कंपनीला विचारून घ्यावा.

मग गुण. बहुतेक कंपन्या ए लेव्हलचे ठरावीक गुण आणि जीसीएसई, म्हणजे इथल्या दहावी-अकरावीच्या परीक्षेत, गणित व इंग्रजी उत्तीर्ण मागतात. ए लेव्हलला संगणकशास्त्र हवंच, असं सगळीकडे नसतं. "माझा विषय नव्हता" म्हणून जाहिरात न वाचताच मागं फिरू नये.

पायरी दुसरी: अर्ज

इथं पहिली मोठी चूक होते. विद्यापीठाचे अर्ज 'यूकास' या मध्यवर्ती संस्थेमार्फत जातात आणि त्यांची मुदत जानेवारीत असते. घरातले सगळे ती तारीख भिंतीवर लावून बसतात. अप्रेंटिसशिपचा अर्ज मात्र नोकरीचा असतो. तो थेट कंपनीकडे करायचा असतो, आणि प्रत्येक कंपनीची तारीख निराळी.

पुष्कळ मोठ्या कंपन्यांच्या जाहिराती सप्टेंबर-ऑक्टोबरपासून निघू लागतात. पुरेसे अर्ज आले की काही कंपन्या मुदतीआधीच खिडकी बंद करतात. म्हणून ए लेव्हलच्या दुसऱ्या वर्षाआधीच्या उन्हाळ्यातच कंपन्यांची यादी करून ठेवावी. सरकारी 'फाइंड अ‍ॅन अप्रेंटिसशिप' या संकेतस्थळावर नाव नोंदवलं की नव्या जागांची खबर मिळत राहते.

दोन्ही दोर हातात ठेवावेत. यूकासचे पाच पर्याय भरलेले असले तरी अप्रेंटिसशिपचे अर्ज करता येतात. जागा थोड्या आणि इच्छुक फार. एकाच अर्जावर भिस्त ठेवू नये, आणि नकार आला तर मुलाला घरात चुलतभावाची उदाहरणं देऊ नयेत.

अर्जात "मला लहानपणापासून संगणकाची आवड आहे" हे वाक्य जवळजवळ प्रत्येकजण लिहितो. त्याऐवजी केलेलं काम लिहावं. मंडळाच्या गणेशोत्सवाच्या वर्गणीचा हिशोब कागदावरून स्प्रेडशीटमध्ये नेला असेल, तर तेच लिहावं: आधी काय अडचण होती, आपण काय केलं, त्यानं काय फरक पडला.

पायरी तिसरी: निवड

निवडीच्या साधारण तीन-चार चाळण्या असतात. पहिली ऑनलाइन चाचणी. त्यात आकडेमोड असते, तसंच "सहकाऱ्यानं चूक केली आणि ती आपल्या लक्षात आली, तर काय कराल?" अशा प्रसंगांवरचे प्रश्नही असतात. दुसरी ध्वनिचित्रित मुलाखत. पडद्यावर प्रश्न येतो, समोर माणूस नसतो, आणि ठरलेल्या वेळात कॅमेऱ्याकडे बघून बोलायचं असतं. याचा सराव घरी मोबाइलवर करावा. पहिल्यांदा सगळेच गडबडतात.

शेवटची चाळणी 'असेसमेंट सेंटर'. म्हणजे अर्ध्या किंवा पूर्ण दिवसाची प्रत्यक्ष वा ऑनलाइन निवड: गटात एखादं काम, छोटं सादरीकरण, मुलाखत. इथं हुशार मुलं हमखास एक चूक करतात. गटात सगळ्यांना गप्प करून स्वतःचं उत्तर रेटतात. परीक्षक उत्तराइतकंच वागणं बघत असतात. गप्प बसलेल्याला "तुला काय वाटतं?" असं विचारणारा मुलगा त्यांच्या नजरेत भरतो. ते वर्गमित्र शोधत नाहीत. पुढं तीन-चार वर्षं शेजारी बसून काम करील असा सहकारी शोधत असतात.

पायरी चौथी: करारावर सही करण्याआधी

निवडीचं पत्र आलं की घरात पेढे वाटले जातात. वाटावेतच. मग शांतपणे कागद वाचावेत.

कागद दोन प्रकारचे असतात. एक नोकरीचा करार: पगार, रजा, कामाचं ठिकाण. दुसरा प्रशिक्षणाचा आराखडा: कोणतं विद्यापीठ, किती तास, कुठल्या दिवशी. पहिला सगळे वाचतात, दुसरा कुणी उघडत नाही. पुढची सगळी भांडणं मात्र दुसऱ्यावरून होतात.

फी आपल्याला भरावी लागत नाही. २०२५-२६ मध्ये इंग्लंडच्या विद्यापीठांची पदवीची कमाल फी वर्षाला ९,५३५ पौंड होती. त्या हिशोबानं तीन वर्षांचे २८,६०५ पौंड आणि त्यावरचं कर्ज वाचतं, वर पगार मिळतो. शिकाऊ उमेदवाराचं किमान वेतन एप्रिल २०२५ मध्ये तासाला ७.५५ पौंड झालं. मोठ्या कंपन्या साधारणपणे याहून बरंच जास्त देतात, पण आकडा जाहिरातीतच पाहावा.

आता आपल्या मनातला प्रश्न: बाँड. आपल्याकडे कंपनीनं शिकवलं की दोन-तीन वर्षं सोडता येत नाही, सोडलं तर पैसे भरा, असा शिरस्ता आहे. इथं सरकारी निधीच्या नियमांनुसार शिक्षणाचा खर्च उमेदवाराकडून मागता येत नाही, त्यानं मधेच सोडलं तरीही. घर बदलण्यासाठी दिलेला भत्ता वगैरे मात्र परत मागण्याची अट करारात असू शकते. तेवढी ओळ शोधून वाचावी.

आणखी एक खाचखळगा घराचा. आपण पूर्णवेळ विद्यार्थी गणले जात नाही. म्हणून विद्यार्थ्यांसाठीचं सरकारी कर्ज नाही आणि विद्यापीठाच्या वसतिगृहाचा भरवसा नाही. 'कौन्सिल टॅक्स', म्हणजे स्थानिक पालिकेचा घरासाठीचा कर, पूर्णवेळ विद्यार्थ्याला माफ असतो. शिकाऊ उमेदवाराला सूट मिळते ती पगार आठवड्याला १९५ पौंडांपर्यंत असेल तरच. कॉलेजातल्या मित्रांबरोबर घर घेतलं तर आपल्या एकट्यामुळे त्या घराला कर लागू शकतो. हे सही करण्याआधी मित्रांना सांगावं, म्हणजे मैत्री टिकते.

पायरी पाचवी: पहिले तीन महिने

पहिल्या दिवशी लॅपटॉप मिळतो, गळ्यात ओळखपत्र येतं आणि कानावर एक नवीनच भाषा पडू लागते. 'स्टँड-अप' म्हणजे रोज सकाळची दहा-पंधरा मिनिटांची बैठक: काल काय केलं, आज काय करणार, कुठं अडलं. 'तिकीट' म्हणजे एका कामाची नोंद. 'कोड रिव्ह्यू' म्हणजे आपण लिहिलेला कोड दुसऱ्यानं तपासून शेरे देणं.

या शेऱ्यांनी पहिल्यांदा डोळ्यांत पाणी येतं. शाळेत ज्याला कधी लाल शाई लागली नाही, त्याच्या वीस ओळींवर अकरा शेरे येतात. तो अपमान नसतो. वीस वर्षं काम केलेल्याच्या कोडवरही शेरे येतात. हे त्याच आठवड्यात कुणी सांगितलं तर पुष्कळ बळ येतं, म्हणून मी इथंच सांगून ठेवतो.

या काळातली नेहमीची चूक म्हणजे गप्प बसणं. आपल्या मुलांना "मोठ्यांना सारखं विचारू नये" हे वळण असतं. त्यापायी दीड-दोन दिवस एकाच ठिकाणी अडून बसतात. एक साधा नियम ठेवावा: अर्धा तास स्वतः झटावं, मग विचारावं. विचारताना काय काय करून पाहिलं तेही सांगावं. असा प्रश्न कुणाला भार वाटत नाही.

आणि विचारायचं कुणाला? तीन माणसं ओळखून ठेवावीत. 'लाइन मॅनेजर' म्हणजे आपले थेट साहेब. काम आणि रजा त्यांच्याकडे. 'मेंटॉर' किंवा 'बडी' म्हणजे संघातला हाताशी असलेला अनुभवी माणूस. रोजच्या अडचणी त्याच्याकडे. विद्यापीठाकडून नेमलेला 'स्किल्स कोच' म्हणजे काम आणि अभ्यास यांची सांगड बघणारा मार्गदर्शक. साहेबांना नावानं हाक मारायची इथली रीत आहे. 'सर' म्हटलं तर तेच अवघडतात.

पायरी सहावी: आठवड्याचा हिशोब

या साऱ्या व्यवस्थेचा कणा म्हणजे 'ऑफ द जॉब' प्रशिक्षण: पगारी वेळेतच, पण रोजचं काम बाजूला ठेवून शिकण्याचे तास. ऑगस्ट २०२२ पासून पूर्णवेळ उमेदवारासाठी हा हिशोब आठवड्याला सरासरी ६ तास असा धरला जाऊ लागला. २०२५ पासून प्रत्येक अभ्यासक्रमासाठी किमान तासच ठरवून दिले आहेत.

हे तास दोन पद्धतींनी मिळतात. 'डे रिलीज' म्हणजे आठवड्यातला एक दिवस विद्यापीठाचा. 'ब्लॉक रिलीज' म्हणजे काही आठवडे सलग काम आणि मग काही दिवस सलग वर्ग. सही करण्याआधी आपली पद्धत कुठली ते विचारावं. राहण्याचं ठिकाण आणि प्रवास त्यावर ठरतो.

या तासांत काय मोजलं जातं? व्याख्यानं, असाइनमेंट लिहिणं, दुसऱ्या विभागात बसून काम पाहणं, मेंटॉरकडून शिकणं. काय मोजलं जात नाही? आढावा बैठका, आणि रात्री जागून पगाराच्या वेळेबाहेर केलेला अभ्यास. त्या वेळेची भरपाई सुट्टी मिळाली तर गोष्ट वेगळी.

अभ्यासाचा हा दिवसच सर्वांत आधी लुटला जातो. कुणी वाईट बुद्धीनं लुटत नाही. संघाला बुधवारी बैठक सोयीची असते, आपला अभ्यासाचा दिवस बुधवार. "एकच तास ये ना!" पहिल्यांदा आपण जातो. महिन्याभरात बुधवार हा कामाचाच दिवस होऊन बसतो आणि अभ्यास रविवारी रात्री सरकतो. आमच्या घरी पहिल्या वर्षाच्या नोव्हेंबरात हेच झालं. एका असाइनमेंटची मुदत आणि कंपनीचं एक मोठं काम एकाच आठवड्यात आलं. पोरगी चार रात्री नीट झोपली नाही, आणि साहेबांना मात्र काहीच ठाऊक नव्हतं. कारण तिनं सांगितलंच नव्हतं.

उपाय सोपा आहे, पण पहिल्याच आठवड्यात करायचा. कामाच्या कॅलेंडरवर अभ्यासाचा दिवस वर्षभरासाठी अडवून ठेवावा. सत्राच्या सुरुवातीला असाइनमेंटच्या सगळ्या तारखा एका पानावर लिहून साहेबांना पाठवाव्यात. त्यांना विद्यापीठाचं वेळापत्रक कुणी देत नाही. ते आपणच द्यायचं. बैठकीला बोलावलं तर "बुधवारी माझा प्रशिक्षणाचा दिवस आहे, गुरुवारी सकाळी चालेल का?" असं हसून विचारावं. यात उद्धटपणा नाही. तो दिवस नियमानं आपला आहे.

पायरी सातवी: पुराव्यांची वही

कॉलेजात परीक्षा दिली की संपलं. इथं आपण जे शिकलो ते कामात वापरलं, हे दाखवावं लागतं. त्यासाठी ज्ञान, कौशल्यं आणि वर्तन अशी तीन भागांची यादी असते. तिला तिथं 'केएसबी' म्हणतात. यादीतल्या प्रत्येक गोष्टीसाठी आपल्या कामातला पुरावा जमवायचा. त्या संग्रहाला 'पोर्टफोलिओ' म्हणतात.

चूक अशी की हे शेवटच्या वर्षी करू म्हणून ठेवून दिलं जातं. मग दोन वर्षांपूर्वी आपण नेमकं काय केलं ते आठवत नाही, ज्यांना ठाऊक होतं ते कंपनी सोडून गेलेले असतात, आणि जुन्या प्रणालीतल्या नोंदीही सापडत नाहीत.

म्हणून दर शुक्रवारी पंधरा मिनिटं काढावीत आणि चार ओळी लिहाव्यात: काय काम होतं, त्यात माझा वाटा कोणता, कुठं चुकलं, पुढच्या वेळी काय वेगळं करीन. सोबत तिकिटाचा क्रमांक लिहावा. 'आम्ही' न लिहिता 'मी' लिहावं. आपल्याकडे 'मी केलं' म्हणणं आढ्यतेचं वाटतं, पण परीक्षकाला संघाला नव्हे, आपल्याला गुण द्यायचे असतात.

एक कडक इशारा. कंपनीचा कोड, ग्राहकांची माहिती, अंतर्गत आकृत्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तशाच चढवू नयेत. काय दाखवता येईल हे साहेबांना आधी लेखी विचारावं. नावं झाकावीत, आकडे गोल करावेत. विद्यापीठात वाङ्मयचौर्य हा गुन्हा आहे आणि कंपनीत गोपनीयतेचा भंग. आपण दोन्हीकडचे आहोत, म्हणून दोन्हीकडचे नियम आपल्याला लागू.

पायरी आठवी: आढावा बैठक

साधारण दर १२ आठवड्यांनी तिघांची बैठक होते: आपण, आपले साहेब आणि विद्यापीठाचे मार्गदर्शक. प्रगती कुठवर आली, तास पुरे होतात का, पुढं काय, हे ठरवायचं. बरेचजण या बैठकीत "सगळं छान चाललंय" एवढंच बोलून येतात.

तक्रार मांडायची हक्काची जागा हीच. अभ्यासाचा दिवस जात असेल, किंवा वर्षभर एकाच साच्याचं काम मिळत असेल, तर इथं बोलावं. यादीतला एखादा मुद्दा दाखवून "याचा पुरावा मला सध्याच्या कामात मिळत नाही, दुसऱ्या संघाबरोबर सहा आठवडे काम करता येईल का?" असं विचारलं की ती तक्रार राहत नाही, नियोजन होतं. बैठकीत ठरलेलं त्याच दिवशी ईमेलनं तिघांना पाठवून ठेवावं.

पायरी नववी: मधलं वर्ष

पहिल्या वर्षी नवलाई असते, शेवटच्या वर्षी किनारा दिसतो. मधलं वर्ष कोरडं जातं. विद्यापीठात गेलेल्या मित्रांना उन्हाळ्याची लांबलचक सुट्टी, आपल्याला मोजकी रजा. इथल्या कायद्यानं पाच दिवसांच्या आठवड्याला सार्वजनिक सुट्ट्या धरून किमान २८ दिवस मिळतात. शाळेत असताना उन्हाळ्यातले सहा आठवडे भारतात घालवायची सवय असलेल्या मुलांना हे फार लागतं. मावसभावाचं लग्न, दिवाळी आणि असाइनमेंट यांचा मेळ जानेवारीतच बसवावा लागतो. आजीआजोबांनाही ते समजावून सांगावं लागतं.

याच काळात कंपनीत फेररचना होते, साहेब बदलतात. नव्या साहेबांना अप्रेंटिसशिप म्हणजे काय हेच माहीत नसण्याची शक्यता धरून चालावं. पहिल्या भेटीतच प्रशिक्षणाचा आराखडा आणि तारखांचं पान त्यांच्या हाती द्यावं.

आणि नोकरीच गेली तर? मोठ्या कंपन्यांतही कपात होते. तशी वेळ आली तर पदवी लगेच बुडत नाही. प्रशिक्षणाचे सहा महिन्यांहून कमी उरले असतील किंवा तीन चतुर्थांश भाग झाला असेल, तर ते पुरं करण्याचा खर्च सरकार उचलतं. त्याआधी झालं तर नवा मालक शोधायला १२ आठवडे शिक्षण चालू ठेवता येतं. घाबरून स्वतः राजीनामा देऊ नये. आधी विद्यापीठाला फोन करावा.

पायरी दहावी: शेवटचा प्रकल्प

शेवटी 'एंड पॉइंट असेसमेंट', म्हणजे अंतिम मूल्यमापन होतं. त्याआधी 'गेटवे' नावाचा उंबरठा असतो: कंपनी आणि विद्यापीठ दोघांनीही हा उमेदवार तयार आहे असं म्हणावं लागतं. मग कामातलाच एक खरा प्रश्न सोडवणारा प्रकल्प, त्याचा अहवाल, सादरीकरण, आणि पोर्टफोलिओच्या आधारे सविस्तर चर्चा.

प्रकल्प निवडताना हाव नडते. संपूर्ण कंपनीची प्रणाली बदलणारा विषय घेतला, तर तो आपल्या हातात राहत नाही. कुठल्या तरी विभागाची परवानगी अडते, प्राधान्यक्रम बदलतो, आणि आपली तारीख मात्र हलत नाही. विषय असा घ्यावा की कंपनीला उपयोगी पडेल, पण ती उद्या त्यातून अंग काढून बसली तरी आपल्याला पुरा करता येईल. सहकाऱ्यांच्या मुलाखती किंवा प्रश्नावली घ्यायची असेल, तर विद्यापीठाची नैतिक मान्यता आधी लागते. तिला वेळ लागतो, हे गृहीत धरावं.

चर्चेत परीक्षक हमखास विचारतात, "असंच का केलं? दुसरा मार्ग होता का?" इथं शुक्रवारची वही कामी येते. फसलेला प्रयत्न लपवू नये. का फसला हे ज्याला सांगता येतं, त्याला काम कळलं आहे असं परीक्षक समजतात.

मग करावं की नाही?

ज्याला विषयात खोल शिरायचंय, संशोधनाकडे जायचंय, किंवा अजून विषयच ठरवायचाय, त्यानं नेहमीचं विद्यापीठ निवडावं. तिथं भटकायला मोकळीक असते, आणि त्या वयात तिची गरजही असते. ज्याला हातानं करून पाहिल्याशिवाय समजत नाही, वेळ पाळायची सवय आहे आणि अडलं तर तोंड उघडता येतं, त्याला ही वाट मानवते. फी वाचते एवढ्या एकाच कारणासाठी मुलाला इकडं ढकलू नये. पैसे वाचतात ते खरं, पण त्यांची किंमत वेळेत मोजावी लागते, आणि ती आपल्याला नाही, मुलाला मोजावी लागते.

आमच्याकडे गेल्या वर्षी पदवीदान झालं. काळा झगा, चौकोनी टोपी, सगळं रीतसर. आत्यानं सांगलीहून मोबाइलवर थेट प्रक्षेपण पाहिलं. समारंभ गुरुवारी होता. त्याच्या तीन आठवडे आधी मुलगी जेवताना लॅपटॉप उघडून काहीतरी भरत होती. म्हटलं, "आता कसली असाइनमेंट?" म्हणाली, "असाइनमेंट नाही बाबा, रजेचा अर्ज आहे. गुरुवारी पदवी घ्यायला जायचंय ना!"